विश्लेषण : एक तालुका, कारभारी अनेक! खेड-राजगुरुनगरमध्ये कोण कशाला जबाबदार?

चाकणसाठी स्वतंत्र महापालिकेची चर्चा सुरू आहे. ती झाली तर उरलेल्या खेड तालुक्याचे काय होईल?

चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटण्याच्या वेळी वाहने अडकली, की तक्रार कोणाकडे करायची याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. चौकात एकमेकांना छेदणारे पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर हे दोन्ही रस्ते राष्ट्रीय महामार्ग आहेत, म्हणजे रस्त्याचे काम महामार्गाच्या यंत्रणेचे. कडेच्या टपऱ्या आणि अतिक्रमणे चाकण नगर परिषदेच्या अखत्यारीत. वाहने सोडणारा पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचा. कारखान्यांच्या दारातले अंतर्गत रस्ते एमआयडीसीचे. शेजारच्या वाड्यांमध्ये उभ्या राहणाऱ्या इमारतींना परवानगी देणार पीएमआरडीए, आणि त्याच इमारतींचा कचरा उचलायचा ग्रामपंचायतीने.

ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवार यांनी चाकणची पाहणी केली आणि या भागासाठी स्वतंत्र महापालिका करावी लागेल, असे सांगितले. त्यानंतर चर्चा चाकणभोवती फिरत राहिली. मात्र चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याचा कारभार नेमका कसा चालतो आणि चाकण वेगळे झाल्यास त्या तालुक्याच्या हातात काय उरेल, याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

खेड की राजगुरुनगर?

गोंधळाची सुरुवात नावापासूनच होते. गावाचे नाव राजगुरुनगर, तालुक्याचे नाव खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी भीमेकाठच्या या गावात झाला. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरमध्ये भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर त्यांना फाशी देण्यात आली. त्यांच्या स्मृतीसाठी गावाचे नाव बदलले, तालुक्याचे तेच राहिले. त्यामुळे आजही एसटीच्या पाटीवर ‘राजगुरुनगर’, सातबाऱ्यावर ‘तालुका खेड’ आणि विधानसभा मतदारसंघाचे नाव ‘खेड आळंदी’. लोकसभेचा मतदारसंघही २००९ पूर्वी ‘खेड’ होता, पुनर्रचनेनंतर तो ‘शिरूर’ झाला. रत्नागिरी जिल्ह्यातही खेड नावाचा तालुका असल्याने बाहेरगावच्या माणसाचा घोटाळा होतो, तो वेगळाच.

गाव जुने आहे. दिलावरखानाची सतराव्या शतकातली कबर आणि मशीद आजही येथे उभी आहे. तालुक्यातल्या चास गावच्या जोशी घराण्यातील काशीबाई या थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढवला. आळंदीत १२९६ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली. राजगुरुनगर, चाकण आणि आळंदी या तीन गावांना तीन निराळे इतिहास आहेत. आजही या तिन्ही ठिकाणी स्वतंत्र नगर परिषदा आहेत, बाकी सगळा तालुका ग्रामपंचायतींचा.

एकाच तालुक्यात दोन टोके

पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि भीमाशंकरचे अभयारण्य. भीमाशंकरचे मंदिर महसुली नोंदीप्रमाणे खेड तालुक्यातील भोरगिरीच्या हद्दीत येते. मात्र गाडीने जाणारे बहुतेक भाविक मंचर-घोडेगावमार्गे, म्हणजे शेजारच्या आंबेगाव तालुक्यातून जातात. या भागात पावसाळाभर धो धो पाऊस, भात-नाचणीची खाचरे, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या. तिथून पूर्वेकडे पन्नासेक किलोमीटर उतरत आले की राजगुरुनगर लागते. पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि शेतात कांदा-बटाटा दिसू लागतो. चाकणचा बाजार याच दोन पिकांसाठी राज्यभर ओळखला जातो.

दक्षिणेला इंद्रायणी आणि तिच्या अलीकडे औद्योगिक पट्टा. गेल्या अडीच-तीन दशकांत महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, मेदनकरवाडी ही नावे शेतीच्या नकाशावरून उठून वाहनउद्योगाच्या नकाशावर गेली. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या दोन जर्मन कंपन्यांचे कारखाने २००९ मध्ये येथे सुरू झाले. दोन्हींच्या पत्त्यात निघोजे हे गाव आणि ‘तालुका खेड’ येते.

मधल्या पट्ट्यात धरणे. भीमेवर चासकमान, भामेवर भामा-आसखेड. दोन्हींत प्रत्येकी साडेसात टीएमसीच्या आसपास उपयुक्त साठा मावतो. चासकमानचे कालवे खेडमधून पुढे शिरूरकडे जातात. भामा-आसखेडचे पाणी जानेवारी २०२१ पासून पुणे शहराच्या पूर्व भागाला मिळू लागले. ही योजना दिवसाला २०० दशलक्ष लिटरची. पिंपरी-चिंचवडसाठीही या धरणातून दिवसाला १६७ दशलक्ष लिटर पाणी राखून ठेवलेले आहे. जलवाहिनीचे काम सुरू असताना धरणग्रस्तांनी पुनर्वसनाच्या मागणीसाठी ते अनेकदा बंद पाडले. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, ते मतदार खेडचे. ज्यांना पाणी मिळाले किंवा ज्यांच्यासाठी ते राखून ठेवले, ते दोन महापालिकांचे. या दोघांना एका टेबलाशी बसवणारी स्थानिक संस्थाच अस्तित्वात नाही.

मग तालुका चालवते कोण?

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून त्रिस्तरीय पंचायत राज लागू झाले. तळाशी ग्रामपंचायत, मध्ये तालुक्याची पंचायत समिती, वर जिल्हा परिषद. खेड तालुक्यात दीडशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. पंचायत समितीचे कार्यालय राजगुरुनगरला. सभापती लोकांनी निवडलेल्या सदस्यांमधून होतो, प्रशासन गटविकास अधिकाऱ्याच्या हाती. पंचायत समितीला स्वतःचे म्हणावे असे मोठे उत्पन्न नाही. जिल्हा परिषदेकडून आणि सरकारकडून आलेल्या योजना ती राबवते. याला समांतर महसूल खाते : प्रांत, तहसीलदार, मंडल अधिकारी, तलाठी. जमीन, दाखले, पंचनामे त्यांच्याकडे. त्यांना कोणी निवडून देत नाही.

ही रचना शेतीप्रधान तालुक्यासाठी आखलेली होती. कारखाने आले तसे तिच्यावर एकेक नवी यंत्रणा चढत गेली. औद्योगिक क्षेत्रात नियोजनाचे अधिकार एमआयडीसीकडे. ३१ मार्च २०१५ रोजी पीएमआरडीए स्थापन झाले आणि तालुक्यातल्या गावांमधील बांधकाम परवानगी ग्रामपंचायतींच्या हातून गेली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले. चाकण आणि आळंदी त्यात गेले, राजगुरुनगर पुणे ग्रामीण पोलिसांकडेच राहिले. तालुका एक, पोलीस दोन.

चाकणचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०११च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या ४१ हजारांवर गेली होती. जनगणना खात्याने त्याला ‘शहर’ म्हणून मोजले, पण कारभार ग्रामपंचायतीचा होता. सांडपाणी शहराएवढे आणि ते वाहून नेण्याची यंत्रणा गावाएवढी. चाकण आणि राजगुरुनगरला नगर परिषद मिळाली ती २०१४-१५च्या सुमारास. आळंदीची नगरपालिका मात्र वारीच्या गर्दीमुळे ब्रिटिश काळातच, एकोणिसाव्या शतकात झाली होती. यात्रेच्या गर्दीसाठी जे तेव्हा सुचले, ते कारखान्यांच्या गर्दीसाठी सुचायला बराच उशीर लागला.

आणि मधल्या काळात लोकप्रतिनिधीच नव्हते. जिल्हा परिषद व पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. प्रत्यक्षात नगर परिषदांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झाले. कोंडी, कचरा आणि पाणीटंचाई सर्वाधिक वाढण्याच्या या वर्षांत तालुक्यातल्या मतदाराला जाब विचारण्यासाठी गावच्या सरपंचापलीकडे थेट आमदारच होता.

कारखान्याचा पैसा गावाला किती मिळतो?

चाकणमध्ये तयार झालेली मोटार मुंबईत किंवा दिल्लीत विकली जाते. जीएसटी हा वस्तू जिथे खपते तिथला कर आहे, आणि तो केंद्र व राज्य यांच्यात वाटला जातो. प्राप्तिकर केंद्राचा. ग्रामपंचायतीच्या वाट्याला प्रामुख्याने इमारतींवरची कर आकारणी येते. कायद्यात कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचीही सोय आहे. पट्ट्यातल्या काही ग्रामपंचायती यामुळे इतरांच्या तुलनेत सधन दिसतात. पण त्यांच्या हद्दीत खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्या कामगारांची संख्या मूळ गावकऱ्यांच्या कितीतरी पट असते. त्यांचे पाणी आणि कचरा याच उत्पन्नातून भागवायचा.

दुसरा स्रोत मुद्रांक शुल्काचा. ग्रामीण भागातील जमीन-घरांच्या व्यवहारांवर जो अधिभार आकारला जातो, त्यातून जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींना वाटा मिळतो. पुणे जिल्हा परिषदेच्या उत्पन्नाचा हा मोठा आधार. व्यवहार अर्थातच चाकणच्या आसपास, हिंजवडीसारख्या भागांत अधिक होतात. त्यातून येणारा पैसा मात्र डोंगरातल्या शाळाखोल्या, आरोग्य उपकेंद्रे आणि साकवांवरही खर्च होऊ शकतो. खेडमधल्या दोन टोकांना जोडणारा हा एक बारीक धागा आहे.

जर्मनीत हे कसे चालते?

तुलनेसाठी मर्सिडीजच्याच मायदेशी जाता येते. कंपनीचा मोठा कारखाना १९१५ पासून दक्षिण जर्मनीतील झिंडेलफिंगेन या शहरात आहे. हे शहर बोब्लिंगेन नावाच्या जिल्ह्यात येते. अशा जिल्ह्याला जर्मन भाषेत ‘लांडक्राइस’ म्हणतात, शब्दशः ‘ग्रामीण जिल्हा’. बोब्लिंगेनची लोकसंख्या सुमारे चार लाख, म्हणजे २०११ मधल्या खेडपेक्षा थोडी कमीच. तिथेही वाहनउद्योग आहे आणि शोनबुखचे संरक्षित जंगलही आहे.

फरक दोन ठिकाणी आहे. उद्योगांच्या नफ्यावर तिथे ‘गेवेर्बेश्टॉयर’ नावाचा कर बसतो आणि तो मुख्यतः ज्या गावात कारखाना आहे त्या गावाला मिळतो. दर किती ठेवायचा हेही गावच्या परिषदेने ठरवायचे. झिंडेलफिंगेन या कराच्या जोरावर एके काळी इतके श्रीमंत झाले, की तिथे रस्ता ओलांडायचे पट्टे संगमरवराचे केले गेले. (चाकणकरांनी सध्या साध्या पांढऱ्या रंगावर समाधान मानायला हरकत नव्हती, तो दिसत असता तर.) मंदी आली की हाच कर आटतो आणि शहराचे अंदाजपत्रक कोसळते, ही त्याची दुसरी बाजू.

खेडसाठी दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. झिंडेलफिंगेन साठ हजारांहून मोठे शहर असूनही जिल्ह्यातून बाहेर पडलेले नाही. त्याचा दर्जा वाढला, अधिकार वाढले, पण जिल्हा परिषदेसाठी तेथील नागरिक मतदान करतात आणि शहराच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा जिल्ह्याला द्यावा लागतो. त्यातून जिल्ह्याचे रस्ते, रुग्णालये, व्यवसाय शिक्षणाच्या शाळा चालतात. आपल्याकडे गावाची नगर परिषद झाली, की ते जिल्हा परिषदेतून पूर्णपणे वजा होते. मतदारही जातात, उत्पन्नही जाते.

महापालिका झाली तर काय बदलेल?

चाकण आणि आसपासच्या गावांना फायदा स्पष्ट आहे. बांधकाम परवानगी, कचरा, पाणी, अंतर्गत रस्ते यांसाठी एकच दार राहील. महामार्ग आणि एमआयडीसीचे प्रश्न मात्र महापालिकेनेही आपोआप सुटणार नाहीत, पिंपरी-चिंचवडमध्येही ते सुटलेले नाहीत. इंद्रायणीचे उदाहरण समोर आहे. आळंदीत नदीवर फेस दिसला की प्रश्न आळंदी नगर परिषदेला विचारला जातो, पण पाणी येते ते वरच्या बाजूच्या शहरी आणि औद्योगिक पट्ट्यातून.

गावकऱ्यांच्या शंकाही निराधार नाहीत. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेतली गेली. कर वाढले, सुविधा मागे राहिल्या, अशी ओरड झाली. अखेर फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगर परिषद करावी लागली. जमीन देण्याचा खेडचा अनुभवही संमिश्र आहे. विमानतळासाठी याच तालुक्यातील जागांची वर्षानुवर्षे चर्चा झाली, पाहण्या झाल्या, विरोध झाला आणि २०१६ मध्ये प्रकल्प पुरंदरला गेला.

उरलेल्या तालुक्याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. औद्योगिक पट्टा वजा केल्यास जिल्हा परिषदेच्या वाट्याचे मुद्रांक शुल्क घटेल आणि पंचायत समितीकडे धरणांच्या भोवतालची, पूर्वेची जिरायती आणि डोंगराकडची गावे राहतील. त्यातही पश्चिमेच्या आदिवासी गावांची एक जुनी अडचण आहे. राष्ट्रपतींच्या १९८५च्या आदेशानुसार पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या काही भागांपुरते आहे, खेडचे एकही गाव त्यात नाही. त्यामुळे १९९६चा पेसा कायदा डोंगराच्या पलीकडे लागू होतो, अलीकडे नाही. आंबेगावच्या बाजूला ग्रामसभेला गौण वनोपज आणि जमिनीबाबत विशेष अधिकार आहेत आणि आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी पेसातील ग्रामपंचायतींना थेट मिळतो. त्याच जंगलातला हिरडा गोळा करणाऱ्या भोरगिरी-डेहणे परिसरातील गावांना ते अधिकारही नाहीत आणि तो निधीही नाही. या गावांच्या शाळा आणि रस्त्यांसाठी आज पैसा येतो तो जिल्हा परिषदेतून.