बंद टॅबची कैफियत

सदाशिव पेठेतील आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, तापत्या पत्र्याच्या अगदी निकट, जुनी पंचांगे आणि पितळी समया ठेवलेल्या ट्रंकेत आमचे थोरले चुलते अण्णा यांचा टॅब सहा वर्षे पडून होता. अण्णा हयात असताना, भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन जाऊन जडलेल्या नादापायी, घराण्याच्या इनामाचे मोडी कागद त्यांनी रुमाल सोडून एकेक करून त्या टॅबवर टिपले होते, पुढे वाटण्यांच्या धांदलीत त्यांतले कित्येक मूळ कागद गहाळ झाले, आणि गेल्या मार्गशीर्षात काकू मला म्हणाली, “अरे, ह्यांच्या त्या टॅबमध्ये सगळं असेल बघ. चालू होतोय का पाहतोस?”

मी टॅब चार्जरला लावला, दहा मिनिटे थांबलो, बटण दाबून धरले. पडदा काळाच राहिला. अशा प्रसंगी बहुतेक घरांतून ‘टॅब गेला’ असा निवाडा होतो आणि ते उपकरण, त्यातील सर्व ऐवजासह, भंगारवाल्याच्या पोत्यात दाखल होते. हा निवाडा फार घाईचा असतो, आणि त्यापायी माणसांच्या कितीतरी अमोल ठेवी नष्ट होतात, असे मला कळकळीने वाटते.

टॅबमधील लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरली म्हणजे ४.२ व्होल्टच्या आसपास असते आणि ३ व्होल्टच्या सुमारास ती रिकामी झाली असे समजतात. परंतु टॅब बंद केला तरी त्याचा खर्च बंद होत नाही: आतले घड्याळ चालू असते, बटणावर लक्ष ठेवणारे मंडल जागे असते, आणि बॅटरीच्या अंतर्गत रसायनातूनही शिल्लक थोडीथोडी झिजते, पत्र्याखालच्या उष्ण माळ्यावर तर ही झीज अधिकच होते. असे होता होता दाब अडीच व्होल्टच्या घरात उतरला, की बॅटरीच्या माथ्यावर बसवलेली नखाएवढी संरक्षक पट्टी दरवाजा लावून घेते आणि बाहेरच्या टोकांवर मोजमाप केले तर जवळपास शून्य दिसते. जो टॅब आपण मृत समजतो, तो पुष्कळदा या पहारेकऱ्याने केवळ बंदोबस्तात ठेवलेला असतो.

चार्जर जोडताच दरवाजा उघडतो खरा, पण अशा क्षीण बॅटरीत एकदम पूर्ण प्रवाह सोडणे अपायकारक असल्यामुळे चार्जिंगचे नियमन करणारी चिप, दाब तीन व्होल्टच्या आसपास येईपर्यंत, नेहमीच्या प्रवाहाच्या सुमारे दशांश किंवा त्याहूनही कमी प्रवाह सोडते. उपाशी माणसाला प्रथम पेज द्यावी, तशीच ही तजवीज. पडदा आणि प्रोसेसर हेही बहुधा त्याच बॅटरीवर चालत असल्याने या अवधीत रिकाम्या बॅटरीचे चित्रसुद्धा उमटू शकत नाही. आत भरणा चालू असतो आणि बाहेर काळोख असतो. त्यातून चार्जर अशक्त असेल तर आणखी पंचाईत: संगणकाच्या जुन्या यूएसबी खाचेतून अर्धा अँपिअरच मिळतो, उलट टॅबला दोन अँपिअरचा चार्जर लागतो. काही टॅब तर उजळतात, आणि चालू होताना लागणारा मोठा प्रवाह न पेलल्याने पुन्हा विझतात. असे तासन्‌तास चालते आणि भरणा मात्र काडीचा होत नाही.

हे सारे तत्त्वतः ठाऊक असूनही माझा टॅब रात्रभर निश्चल राहिल्यावर मी शनिपारावरून बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेलो. तेथील दुरुस्तीच्या एका दुकानातल्या तरुणाने प्रथम भिंगातून चार्जिंगची पिन पाहिली आणि लाकडी दातकोरणीने तिच्यातून कापसाचा घट्ट दाबला गेलेला बोळा काढला. मग प्लास्टिकच्या पातळ पट्टीने पाठ उघडून बॅटरीवरून बोट फिरवले. “काका, फुगलेली नाहीये, म्हणजे आशा आहे,” तो म्हणाला. संरक्षक पट्टीच्या आतल्या बाजूस मल्टिमीटरची टोके टेकवली तेव्हा आकडा दिसला २.३१. त्याने मान डोलावली. “दीडच्या खाली असती तर मी हात लावला नसता.”

त्याच्या या एका वाक्यात पुष्कळ रसायनशास्त्र सामावलेले आहे. १९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचा धन ध्रुव सिद्ध केला, १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी त्याच्यासमोर कर्बाचा ऋण ध्रुव योजला, १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली, आणि २०१९ चे नोबेल पारितोषिक या दोघांना स्टॅनली व्हिटिंगहॅम यांच्यासह मिळाले. त्या ऋण ध्रुवाचा कर्ब केसाहून पातळ अशा तांब्याच्या पत्र्यावर लेपलेला असतो. बॅटरी दीर्घकाळ फारच रिती राहिली म्हणजे हे तांबे द्रावात विरघळू लागते, आणि पुन्हा भरणा करताच ते भलत्या जागी, सूक्ष्म तंतूंच्या रूपाने, साचते. हे तंतू मधला पडदा भेदून दोन ध्रुवांना जोडतील तर आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा संभव असतो. म्हणूनच इतकी उतरलेली बॅटरी चार्ज करू नये, फुगलेली तर मुळीच नाही, आणि काही कारागीर करतात तसा बाहेरून थेट मोठा दाब देऊन बॅटरीला ‘झटका’ देणे मला सर्वथा त्याज्य वाटते. ज्या पहारेकऱ्याने दरवाजा लावला त्यालाच डावलून आत शिरण्यासारखे ते आहे.

तांब्याऐवजी हलके, स्वस्त ॲल्युमिनियम का वापरीत नाहीत, अशी शंका वाचकास येईल. लिथियम ऋण ध्रुवावर ॲल्युमिनियमशी संयोग पावून त्याचा मिश्रधातू बनवते, हे त्याचे कारण. सोडियम तसे करीत नाही. त्यामुळे सोडियम-आयन बॅटरीत दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालते आणि ती शून्य व्होल्टपर्यंत उतरवून ठेवली तरी तिला फारसा धोका पोहोचत नाही. पुण्यातील केपीआयटी कंपनीने येथील आयसर संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले असे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. अशा बॅटऱ्या घरोघर आल्या, तर माळ्यावर विस्मृत होऊन राहिलेल्या उपकरणांची धास्ती पुष्कळ उणावेल.

दुकानात चांगली केबल आणि दोन अँपिअरचा चार्जर जोडून मधे छोटा मापक लावला, तेव्हा त्यावर ०.०७ अँपिअर दिसले. तासाभराने आकडा अकस्मात ०.९ वर चढला. आणखी वीस मिनिटांनी तरुणाने बटण दाबून धरले. पडदा उजळला आणि त्यावर तारीख आली १ जानेवारी १९७०, वेळ पहाटेचे साडेपाच. काळाचा हिशेब पार पुसला गेला म्हणजे ही यंत्रे आपल्या गणनेच्या आरंभबिंदूपासून पुन्हा मोजू लागतात. तो आरंभ ग्रिनिचच्या मध्यरात्रीचा असल्याने आपल्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात.

घरी येताच मी सारी छायाचित्रे संगणकावर उतरवून घेतली, टॅब पुन्हा माळ्यावर चढवला नाही, आणि तो निम्मा भरलेला ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी पाहण्याचे ठरवले. काकू शेजारी बसून एकेक कागद बघत होती. मोडी तिला वाचता येत नाही. पण वाऱ्याने उडू नये म्हणून कागद दाबून धरलेला अण्णांचा अंगठा जवळजवळ प्रत्येक छायाचित्राच्या डाव्या कडेला आला आहे, आणि तिचे बोट पडद्यावर तेथेच थांबत होते.