सीडीवरील मराठी नावे

सीडी आत सरकवली की संगणक ती आपोआप वाचतो, असा आपला समज असतो. वास्तविक मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषी लागतो. लिनक्समध्ये तो घ्यावा की नाही, हे कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, कम्पाइल करण्यापूर्वीच ठरवावे लागते. प्रश्नाला 'वाय' म्हटले तर ड्रायव्हर गाभ्यातच मिसळतो. 'एम' म्हटले तर निराळा राहून गरजेपुरता येतो. 'एन' म्हटले तर यंत्र जोडलेले असूनही सीडी वाचता येत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. आयएसओ ९६६० या १९८८ च्या मानकाच्या मूळ चौकटीत फाइलच्या नावाला मोठी रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा एवढीच मुभा. तीत 'ज्ञानेश्वरी' बसावी कशी? मायक्रोसॉफ्टच्या जॉलिएट या पुरवणीने युनिकोडमधील नावे आणली. गाभ्यात तिचा पर्याय स्वतंत्र असून त्याला 'एम' नाही. हो किंवा नाही. आमच्या घरात कॉलेजचा प्रवेश-अर्ज भरणारा मीच पहिला, त्यामुळे हे मला चटकन उमगले : विषयापुढची खूण राहिली की मग खिडकीपाशी कितीही विनवा! 'नाही' म्हटल्यास जॉलिएट पद्धतीची सीडी उघडते, मजकूरही वाचता येतो. पण मराठी नावांच्या जागी रोमन तुकडे दिसतात. नावे हवी असल्यास गाभा पुन्हा कम्पाइल करणे आले.