घोड्यांचा दमा
घोड्यांचा दमा हा तबेल्यातील धुळीमुळे बळावणारा, श्वसनमार्गाचा दीर्घकालीन दाहजन्य विकार आहे. वाळलेल्या गवताच्या व पेंढ्याच्या धुळीत बुरशीचे बीजाणू आणि जिवाणूंची अंतर्विषे असतात. संवेदनशील घोड्याने अशी धूळ श्वासावाटे घेतल्यावर काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी श्वासनलिकांमध्ये जमा होतात. नलिकांचे स्नायू आकुंचन पावतात, श्लेष्मा वाढतो व भित्तिका जाड होतात. परिणामी खोकला येतो, नाकपुड्या फुगतात आणि उच्छ्वासासाठी पोटाचे स्नायू जोराने वापरावे लागतात. तीव्र प्रकार सहसा ७ वर्षांहून अधिक वयाच्या घोड्यांत आढळतो. कॉर्टिकोस्टेरॉइड व श्वासनलिका रुंदावणारी औषधे आराम देतात. परंतु धूळ कायम राहिल्यास लक्षणे परततात. म्हणून घोड्याला कुरणात मोकळे ठेवणे आणि वाळलेले गवत भिजवून देणे हा उपचारांचा पाया मानला जातो.