क्लाउड फोन घेण्याआधी…

क्लाउड फोन म्हणजे इंटरनेटवरून चालणारा फोन. वेळापूरच्या छोट्या दुकानदाराने, कृषी सेवा केंद्राने हे आधी तपासावे :

● वीज : तांब्याच्या तारेच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळत, दुकानातली वीज गेली तरी फोन चाले. क्लाउड फोनचा राउटर इन्व्हर्टरविना बंद पडतो.
● इंटरनेट : एका कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण १०० केबीपीएस वेग लागतो. आवाजाला १५० मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की बोलणे अडखळू लागते.
● गर्दी : आषाढी वारीत माउलींची पालखी वेळापुरात मुक्कामी असते. त्या दिवशी केवळ मोबाइल डेटावर विसंबू नका.
● खर्च : भाडे बहुधा दरमहा, माणसागणिक, वर १८ टक्के जीएसटी.
● नंबर : कंपनी बदलल्यास तो आपल्याकडेच राहील, हे लेखी घ्या. गिऱ्हाईक नंबरावरूनच दुकान ओळखते.
● आणीबाणी : ११२ साठी साधा मोबाइल हाताशी ठेवाच.