अंगावरचे दूध तोडणारी आई

रमजानच्या रात्री तरावीहची नमाज झाली की अनेक मशिदींत थोडा वेळ बयान होते. त्यात दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या गोष्टी हटकून येतात. चुलीवर नुसते पाणी उकळत ठेवून उपाशी मुलांना झोपवू पाहणारी बाई आणि कोठारातली पिठाची गोणी स्वतःच्या पाठीवर वाहून आणणारे उमर, ही गोष्ट मुस्लिम घरांत लहान मुलांनाही पाठ असते. त्याच काळातली दुसरी एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. आपल्या तहसील कचेरीशी तिचे नाते जास्त जवळचे आहे.

नवव्या शतकातले बगदादचे इतिहासकार इब्ने साद यांनी ती नोंदवून ठेवली आहे. मदिनेत व्यापाऱ्यांचा एक काफिला उतरला होता. उमर आणि त्यांचे सहकारी अब्दुर्रहमान बिन औफ रात्री त्याच्या पहाऱ्याला थांबले. एका तान्ह्याचे रडणे ऐकू येऊ लागले. उमर यांनी जाऊन आईला मुलाकडे लक्ष द्यायला सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पहाट होत आली तरी मूल रडतच होते, तेव्हा ते चिडले आणि तू कसली आई आहेस, असे बोलून बसले. समोर कोण उभे आहे, हे तिला ठाऊक नव्हते. तिने सरळ सांगून टाकले, की ती बाळाचे अंगावरचे दूध तोडते आहे आणि ते ऐकत नाही. एवढी घाई कशासाठी, असे विचारल्यावर ती म्हणाली, उमर दूध सुटलेल्या मुलालाच भत्ता देतो. बाळ अवघे काही महिन्यांचे होते.

हा भत्ता म्हणजे उमर यांनी सुरू केलेल्या नोंदवहीतला वार्षिक हिस्सा. त्या वहीला ‘दिवाण’ म्हणत. आपल्या दिवाणी कोर्टापर्यंत पोचलेला तोच हा शब्द. मुलांसाठी खजिन्यातून रक्कम लावून देणे, ही सातव्या शतकात लहान गोष्ट नव्हती. दूध सुटल्यावरच पैसे, ही अटही वरवर पाहता शहाणपणाची. दुधावरच्या मुलाला वेगळा खर्च तो काय? पण या चांगल्या योजनेतल्या समंजस अटीनेच आईला मुलाच्या तोंडचे दूध काढून घ्यायला लावले. वहीत हे कधीच दिसले नसते. तिथे फक्त लाभार्थी वाढलेले दिसले असते.

त्या सकाळी फज्रच्या नमाजेत उमर इतके रडत होते की मागे उभ्या असलेल्यांना त्यांचे पठण नीट कळेना. नमाज संपताच त्यांनी दवंडी पिटवली, की दूध तोडण्याची घाई करू नका, भत्ता जन्मापासूनच मिळेल. बयानात ही गोष्ट उमर यांच्या कोमल मनाचा दाखला म्हणून सांगतात. ते खरेच आहे. पण योजनेतला दोष त्या आईने दाखवला, हे सांगायचे राहून जाते.

आता आपल्याकडे. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, अपंग, अनाथ मुले, दुर्धर आजाराचे रुग्ण, नवरा तुरुंगात असलेल्या बायका, अशा सगळ्यांचा विचार तिच्यात आहे. २०२३ मध्ये अनुदान महिना १,५०० रुपये झाले. अट अशी, की विधवेच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. दोन-तीन घरची धुणीभांडी करणारी बाई या रेषेबाहेर जाते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तिच्यातही रक्कम १,५००च होती, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख! निराधारांची तेव्हाही २१ हजारच होती.

मग ती बाई काय करते? काम लपवते, नाहीतर खरे बोलून अर्ज गमावते. सेतू केंद्राबाहेरचा एजंट तिला काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे शिकवतो. तलाठ्यापुढे एकदा, कारकुनापुढे एकदा, चौकशीला आलेल्या माणसापुढे पुन्हा, अशी तीच हकीकत सांगून सांगून तिची स्वतःची राहत नाही. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा हवा. भाड्याच्या खोल्या बदलत जगणाऱ्या बाईने तो कुठून आणायचा? परित्यक्तेचे तर विचारूच नका. जो नवरा परतला नाही, त्याच्या न येण्याचा कागद तिने मिळवायचा असतो. खिडकीतला कारकून वाईट असतो असे नाही. त्याच्या रकान्यात तिच्या हकिकतीला जागा नसते, एवढेच.

जकात वाटणाऱ्यांनीही या बाबतीत फार ऐटीत राहू नये. वर्षभर साठलेल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग गरजूंना देणे हे सधन मुसलमानावर फर्ज आहे आणि बहुतेक जण ते रमजानमध्ये करतात. ज्यांच्या संकोचामुळे अजाण माणसाला ते सुखवस्तूच वाटतात, अशा गरजूंना ओळखून काढा, असे कुरआन सूरह बकरामध्ये सुचवते. आणि आपल्याकडे रेशन किट घेताना बाईला फोटोसाठी उभे करतात, वर शिफारसपत्रही मागतात. दिलेली मदत मोठी असते, त्यामुळे याबद्दल कोणी बोलत नाही.

निराधार योजनेचे अर्ज मंजूर करायला तालुका पातळीवर समिती असते. ती कागद पाहते. रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेपुढे सामाजिक अंकेक्षण सक्तीचे आहे. तशी एक सुनावणी नामंजूर झालेल्या अर्जांसाठी शहरात वॉर्डावॉर्डांत घेता येईल. वर्षातून एक दिवस पुरे. तिथे बाईला आधी बोलू द्यावे, कागद नंतर मागावेत.