फुंकर मारा, पण बेताने!

हृदय थांबलं की छाती दाबायची, हे टीव्ही मालिकांनी घरोघरी पोचवलं. पण श्वास? तो द्यायचा का, कसा आणि किती, यावर डॉक्टरांचा खल अडीचशेहून जास्त वर्षं चालू आहे. त्यातल्याच या काही गमतीजमती.

मेलेला कामावर हजर! १७३२ साली स्कॉटलंडमधल्या अलोआ इथे खाणीतल्या धुराने गुदमरलेल्या कामगाराला सर्जन विल्यम टॉसॅक यांनी तोंडाने श्वास दिला. चार तासांनी गडी चालत घरी गेला आणि चार दिवसांत कामावर रुजू झाला!

धूर, तोही कुठून! अठराव्या शतकात ॲमस्टरडॅम आणि लंडनमध्ये बुडालेल्या माणसाच्या चक्क गुदद्वारातून भात्याने तंबाखूचा धूर आत सोडत. १८११ मध्ये बेंजामिन ब्रॉडी यांनी तंबाखू हृदयालाच घातक असल्याचं प्रयोगातून दाखवलं आणि हे फॅड ओसरू लागलं.

उष्टी हवा चालते. आपण २१ टक्के ऑक्सिजनची हवा आत घेतो आणि सोडलेल्या श्वासातही १६-१७ टक्के उरतोच. तेवढ्यावर दुसऱ्याचं भागतं, हे १९५०च्या दशकात जेम्स एलाम आणि पीटर साफार यांनी सिद्ध केलं. त्यासाठी बाल्टिमोरमध्ये स्वयंसेवकांनी औषधाने स्वतःचा श्वास बंद पाडून घेतला होता. याला म्हणतात हिंमत!

अंबू आली डेन्मार्कहून. १९५२च्या पोलिओ साथीत कोपनहेगनमध्ये सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशव्या दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. त्या पिशव्यांना गॅसचा पुरवठा लागे. मग होल्गर हेस्से आणि हेनिंग रुबेन यांनी दाबून सोडली की आपोआप फुगणारी पिशवी बनवली. १९५६ मध्ये बाजारात आलेली हीच आपली अंबू बॅग.

तीसला दोन. मोठ्या माणसाला ३० वेळा छाती दाबली की २ श्वास. प्रत्येक श्वास एका सेकंदाचा आणि छाती जेमतेम वर येईल इतकाच. घशात नळी बसली की दाबणं थांबवायचं नाही, दर ६ सेकंदांनी एक श्वास द्यायचा.

जोर नडतो. घाबरलेला हात अंबू भराभर दाबतो. २००४ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत तर प्रशिक्षित जीवरक्षकही मिनिटाला सरासरी ३० श्वास देताना आढळले. हवा कोंबली की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. शिवाय पोट फुगून उलटी फुफ्फुसात जायची भीती.

आकडा उडाला, जीव आला! नळीला कॅप्नोग्राफ जोडला की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पडद्यावर दिसतो. तो एकदम चढला, तर बहुधा हृदय पुन्हा चालू झालेलं असतं.

नवख्यांना सूट. रस्त्यात प्रौढ माणूस अचानक कोसळला आणि तुम्हाला श्वास देता येत नसेल किंवा द्यायचा नसेल, तर नुसती छाती दाबा. भारतातल्या तज्ज्ञांनीही सर्वसामान्यांसाठी हाच सोपा मार्ग सुचवला आहे. बुडालेली व्यक्ती आणि लहान मुलं मात्र वेगळी. तिथे मुळात ऑक्सिजनच संपलेला असतो, म्हणून श्वास हवाच.

तेव्हा माणूस कोसळून निपचित पडला आणि नीट श्वास घेत नसेल, तर कुणाला तरी १०८ लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध किमान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायला लागा. श्वास देण्याचं तंत्र मात्र वाचून येत नाही, एखाद्या प्रशिक्षण वर्गात पुतळ्यावर हात बसवून घ्या.