ब्रेक ऑइलमधले पाणी

जुनी, वजनदार एसयूव्ही गाडी आपल्या हातांनी राखण्याची हौस अनेकांना असते. १९९८ साली बाजारात आलेली टाटा सफारी असो की अमेरिकेतली शेव्हरोले सबर्बन, मालक इंजिनाचे ऑइल वेळेवर बदलतो, हवेचा फिल्टर झटकतो, बॅटरीची टोके घासूनपुसून ठेवतो. पण बॉनेटखालच्या एका लहानशा डबीतला द्रव वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्याला आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो. गंमत म्हणजे ते तेल नसतेच. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल ईथर वर्गातल्या संयुगांचे मिश्रण असते, आणि तेलाच्या अगदी उलट, त्याला पाण्याची ओढ असते.

आधी ब्रेकवर किती भार पडतो ते पाहू. माणसे व सामान धरून २५०० किलोग्रॅम वजनाची गाडी घाटातून ५०० मीटर खाली उतरली असे समजा. तिची स्थितिज ऊर्जा वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, म्हणजे २५०० × ९.८ × ५०० = सुमारे १ कोटी २२ लाख जूल इतकी कमी होते. एवढ्या ऊर्जेत २५ अंश सेल्सिअसचे सुमारे पावणेपाच लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ होईल! यातला काही भाग हवेचा व रस्त्याचा रोध घेतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराचसा भाग इंजिन घेते. उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या लोखंडी चकत्यांत व ड्रममध्ये जाते आणि तेथून थोडी थोडी ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते.

हा द्रव काम करतो तो पास्कलच्या नियमाने. पेडल दाबले की मुख्य सिलिंडरमधला दट्ट्या द्रवावर दाब देतो. तो दाब नळ्यांतून चारही चाकांशी सारखाच पोहोचतो. चाकाजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ जास्त असल्याने तेथे बल वाढून मिळते. द्रव जवळजवळ दबत नाही, या एकाच गुणावर हा सारा डोलारा उभा आहे.

आता पाणी कोठून येते? हवेतील बाष्प रबरी नळ्यांतून व डबीच्या झाकणातून हळूहळू आत शिरते आणि द्रवात मिसळून जाते. 'डॉट ३' प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ३.७ टक्के पाणी मिसळल्यानंतरच्या चाचणीत हीच मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट ४' साठी हे आकडे २३० व १५५ आहेत.

घाटात ब्रेक वारंवार दाबले आणि ऑइल जुने असले, तर चाकाजवळचा द्रव उकळू शकतो. पेडल दाबलेले असताना आतला दाब जास्त असतो, म्हणून उत्कलनबिंदूही वाढलेला असतो. पाय उचलताच दाब उतरतो आणि बुडबुडे तयार होतात. पुढच्या वेळी पेडल दाबले की ही वाफच दबते आणि पेडल तळाला टेकते. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि ब्रेक पूर्ववत लागतात. म्हणूनच दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला दोष सापडत नाही आणि खरे कारण नजरेआड राहते. पाण्यामुळे आतल्या धातूच्या भागांना गंज चढतो, ते नुकसान वेगळेच.

मग घरी काय करता येईल? डबीतली पातळी किमान व कमाल या खुणांमध्ये आहे का, ते दर महिन्याला पाहावे. ब्रेक पॅड झिजले की पातळी सावकाश उतरते. ती एकाएकी उतरली तर मात्र कोठेतरी गळती आहे असे समजून गाडी चालवू नये. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीने बदलावे. ही मुदत बहुधा दोन वर्षांची असते. भर घालताना पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे, सीलबंद डब्यातलेच ऑइल वापरावे. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, त्याने ब्रेकमधील रबरी सील फुगतात. ब्रेक ऑइल रंग खाते आणि पोटात गेले तर विषारी असते, याचेही भान ठेवावे.

ब्रेकची हवा काढण्याचे काम दोघांचे. एकाने पेडल दाबून धरल्यावरच दुसऱ्याने चाकाजवळचा निपल उघडायचा आणि निपल बंद झाल्यावरच पाय उचलायचा. क्रम चुकला तर बाहेरची हवा आत शिरते. डबी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. खाली भक्कम स्टँड आणि चाकांना ठोकळे हवेतच. पहिल्या वेळी जाणकाराला शेजारी उभे करावे. ज्या गाडीत एबीएस आहे, तिचे हे काम कार्यशाळेवर सोपवणे बरे.

वर्गात हे सारे दोन सिरिंजवर दाखवता येते. सुई काढलेली एक लहान व एक मोठी सिरिंज नळीने जोडा आणि आत पूर्ण पाणी भरा. लहान दट्ट्या ढकलला की मोठा लगेच हलतो. आता मोठ्या दट्ट्यावर बोट दाबून धरा, नळीत हवेचा मोठा बुडबुडा सोडा आणि लहान दट्ट्या पुन्हा ढकला. हाताला जो मऊपणा जाणवतो, तोच घाटात पायाला जाणवतो. दुसऱ्या प्रयोगासाठी पावसाळ्यात बशीत थोडे ग्लिसरीन उघडे ठेवून रोज तराजूवर तोला. त्याचे वजन का वाढते, हे विद्यार्थ्यांना विचारा. उत्तर मिळाले की ब्रेक ऑइलचा उघडा डबा कपाटात का ठेवू नये, हे वेगळे सांगावे लागणार नाही.